कानोशाचं शून्य

नवी कंपनी काढणाऱ्याला पहिले पैसे देतो तो एंजल, म्हणजे देवदूत. त्याला पंख आहेत की शिंगं, हे पैसे खात्यात आल्यावर कळतं. ताईनं, म्हणजे पद्मजानं, यंत्र बनवायचं आणि मी, अभिनंदननं, पैसे आणायचे अशी आमची वाटणी होती, त्यामुळे एंजल लोकांचे सगळे प्रकार मला तोंडपाठ झाले होते. पहिला घरचा एंजल. तो यंत्राकडे बघतच नाही, तुमच्या तोंडाकडे बघतो आणि गपचूप काहीतरी विकून येतो. मग हौशी डॉक्टर-वकील. त्यांना पैशांपेक्षा प्रश्न विचारायची हौस जास्त. मग स्वतःची कंपनी विकून रिकामा झालेला. याला तुमच्या कंपनीत स्वतःची तरुणपणीची कंपनी परत चालवायची असते. शेजारचा पैसे घालत असेल तर मीही घालतो म्हणणारे तर पायलीला पन्नास. आणि हल्ली निघालेत ते यंत्र-एंजल, म्हणजे नुसतीच प्रणाली. तिच्याकडे अर्ज टाकला की चहा निवायच्या आत नकार येतो आणि भांडायला समोर माणूसही नसतो.

त्या दिवशी मला यातल्या कुणाचीच भीती वाटत नव्हती. मला भीती वाटत होती ती ताईची.

सकाळी दूध उतू जाऊन पार करपलं होतं. मला वरच्या मजल्यावर वास आला म्हणून मी धावत खाली आलो, तर ताई गॅसपासून दोन हातांवर बसून लॅपटॉपमध्ये डोकं घालून काम करत होती. घरभर धूर झाला होता. मी गॅस बंद केला तेव्हा तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अरे, दूध होतं का?" कामात असली की तिला जग दिसत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मीही तेच मनाशी म्हटलं.

मग इचलकरंजीहून शिरोलीला जाताना गाडीत ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं बोल की," मी म्हणालो.

"मोठ्यानंच बोलतेय," ती म्हणाली.

मी गाडीचा वेग कमी केला. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमचे वडील, अण्णा, हेच म्हणायचे. आमचं घर यंत्रमागवाल्यांचं. शेडमध्ये मागांचा खडखडाट इतका की आमच्याकडे माणूस साधं पाणी मागतो ते भांडल्यासारखं. अण्णा शेड काकांवर सोपवून घरी बसले आणि दिवसेंदिवस हळू बोलायला लागले. आम्हाला वाटलं, आता ओरडायची गरज नाही म्हणून शांत झाले. आईला तर बरंच वाटलं. त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेलं. कंपवात निघाला, म्हणजे पार्किन्सन. डॉक्टर म्हणाले, आवाज उतरला तेव्हाच आला असतात तर बरंच काही करता आलं असतं. अण्णा गेले, आणि ताईनं पुण्यातली नोकरी सोडून यंत्र बनवायला घेतलं.

यंत्राचं नाव कानोसा. पेढ्याच्या डब्याच्या झाकणाएवढी एक चकती. माणसानं तिच्यासमोर दमभर "आऽऽ" म्हणायचं, बास. आपल्याला तो एकच सूर वाटतो, पण घशातले स्वरतंतू एका सेकंदात शंभर-दोनशे वेळा हलतात आणि प्रत्येक हेलकावा मागच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. हे तंतू ज्या बारीक स्नायूंनी ताणले जातात, त्यांना हुकूम मेंदूतून येतो. कंपवातात मेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात, त्या मरत जातात. हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याअधिक गेलेल्या असतात. पण स्वरतंतूंचं काम फार नाजूक, त्यामुळे त्यांचा ताल आधी, कधीकधी कितीतरी वर्षं आधी, बिघडायला लागतो. माणसाच्या कानाला हा बिघाड कळत नाही. कानोशाला कळतो. निरोगी आवाजापासून तुमचा आवाज किती लांब गेलाय, त्याचा तो आकडा सांगतो. साध्या बोलण्यावरूनही सांगतो, फक्त थोडा कमी नेमका. शून्य म्हणजे ठणठणीत. दहाच्या वर गेलात तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. अण्णांच्या जुन्या टेपवरचा आवाज घातला की आकडा अडतीसवर जायचा, आणि ते बघून भल्याभल्या एंजलांचे डोळे मोठे व्हायचे.

आमच्या कार्यक्रमाची पद्धत ठरलेली होती. आधी ताई स्वतः "आऽऽ" म्हणायची आणि पडद्यावर शून्य यायचं. मग अण्णांची टेप. मात्र गेल्या दिवाळीपासून ताईच्या आवाजाला कधी दोन यायचे, कधी चार. मी मायक्रोफोन बदलले, चकती बदलली. शेवटी ती म्हणाली, "तूच म्हणत जा, मला कंटाळा आलाय." माझ्या आवाजाला व्यवस्थित शून्य आलं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि विषय तिथंच मिटवला.

शिरोलीची मंडळी म्हणजे मूळची उद्योजकांची जुनी भिशी. पोरं शिकून आली, नियम सैल झाले, आणि भिशीचं एंजल मंडळ झालं. पण वळण जुनंच राहिलं. कुणाचं आधी ऐकायचं त्याची अजून चिठ्ठी निघते. आणि कागदावर सही नंतर. आधी टेबलाभोवती गोल फिरून प्रत्येकानं सगळ्यांच्या देखत, तोंडानं "घातले" किंवा "नाही" म्हणायचं. एकदा "घातले" म्हटलं की तिथं कुणी शब्द फिरवत नाही.

बैठक पाटोळ्यांच्या फाउंड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. पाटोळे म्हणजे शेजारचं बघून घालणारे. मनानं दिलदार, पण पहिला शब्द कधी त्यांचा नसायचा. त्यांच्या बाजूला विश्वजित घोरपडे. बंगळुरात कंपनी विकून परत आलेला, पायात बिनमोज्याचे बूट, आमच्या कंपनीचं पुढच्या पाच वर्षांचं भविष्य त्यानं आधीच ठरवून टाकलेलं. पलीकडे डॉ. कुंदा सबनीस. चाळीस वर्षं नाक-कान-घसा बघून निवृत्त झालेल्या. थोडेच पैसे घालतात, पण आठवडाभर आधी सगळे कच्चे आकडे मागून घेतात. आणि कोपऱ्यात आमचे काका, अण्णांचे धाकटे भाऊ. आमच्यासाठी दोन माग विकलेले घरचे एंजल. त्यांना मंडळानं मानानं बोलावलं होतं. काकांचा कानोशावर शून्य आकडा आला तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि ती गोष्ट पाटोळ्यांना सांगून त्यांची दुसऱ्यांदा सुरू होती.

विश्वजितनं सुरुवातीलाच सूत्रं हातात घेतली. "पद्मजा, तपासणीसाठी गावोगावच्या आशाताईंच्या हातात चकत्या दिल्यात ते वगैरे छान आहे. सरकारी कामही येईल. पण खरा बाजार वेगळाय. चकतीची गरजच काय? माणूस दिवसभर फोनवर बोलतोच. बँक, विमा कंपनी, नोकरी देणारा, सगळ्यांकडे आवाज आयता पडलाय. कर्ज देण्याआधी, नोकरीवर घेण्याआधी ऐकून घ्यायचं."

"त्या माणसाला न विचारता?" ताई म्हणाली.

"काय?" विश्वजितनं कानामागं हात नेला.

"न विचारता का म्हणतेय ती," मी मोठ्यानं सांगितलं.

"आवाज त्यानंच दिलाय की. विचारायचं काय त्यात?" तो हसला. "हे बघा, पुढचं सगळं मी सांभाळतो. माझा होकार आहे. गोल सुरू करू या?"

मी तीन वर्षं ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हा. पण डॉक्टर म्हणाल्या, "आधी चहा." त्या मंडळात वयानं मोठ्या, त्यामुळे चहा आला.

चहाबरोबर भडंग होतं. आमच्या जैनांच्या घरी लसूण खात नाहीत, हे पाटोळ्यांना ठाऊक असल्यामुळे आमच्यासाठी बिनलसणाची वेगळी ताटली होती. ताईच्या बाबतीत तो नुसता धर्माचा भाग नव्हता. तिला लसणाचा वासच सहन व्हायचा नाही. लहानपणी शेजाऱ्यांकडे फोडणी पडली की ही नाक दाबून माडीवर पळायची. आणि आता ती बोलता बोलता मधल्या थाळीतून मूठभर भडंग घेऊन खात होती. लसणाच्या तळलेल्या पाकळ्यांसकट.

मी तिच्याकडे बघत राहिलो. डॉक्टरही बघत होत्या.

"पद्मजा, अभिनंदन, जरा बाहेर या," त्या म्हणाल्या. आम्ही गॅलरीत गेलो. खाली भट्टी धडधडत होती.

"मला एक सांगा," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत खूप आकडे शून्याच्या खाली आहेत. पडद्यावर मात्र ते शून्य दिसतात."

"हो. शून्याखालचं सगळं आपण शून्यच दाखवतो. निरोगीपेक्षा जास्त निरोगी काय असणार?" मी हे वाक्य बऱ्याच एंजलांना ऐकवलं होतं. त्यावर लोक हसायचे.

त्या हसल्या नाहीत. "किती जण खाली जातात?"

"जवळजवळ सगळेच. वजा सहा, वजा सात. ते खोलीमुळं. शून्य आम्ही सुताच्या खोलीत घेतलंय. तिथं भिंतभर सुताचे कोन रचलेले असतात, आवाज दबतो. त्याचा फरक आहे तो."

"शून्य कुणाचं आहे?"

ताई बोलली, आणि तिचं बोलणं भट्टीच्या आवाजात बुडलं. पण मला ते ऐकू यायची गरज नव्हती.

सुरुवातीला आमच्याकडे कुणाचेच आवाज नव्हते. परदेशात आवाजांचे साठे विकत मिळत होते, पण तिथली माणसं मागांवरून ओरडत मोठी झालेली नव्हती. ते आवाज आमच्या गावाला लागू पडेनात. निरोगी आवाज म्हणून कुणाचा तरी हवा होता. ताई तिशीतली, विडीकाडी नाही, बस्तीत, म्हणजे मंदिरात, स्तवनं म्हणणारी. शेडमध्ये शांत अशी एकच जागा, सुताची खोली. ती तिथं रोज बसून स्वतःचा आवाज भरायची. तिचा आवाज म्हणजे शून्य. पुढं शेकडो माणसांचे आवाज जमले, पण मोजपट्टी तीच राहिली. ज्यांचे हात आधीच थरथरत होते अशा रुग्णांवर आम्ही यंत्र तपासलं. ते सगळे शून्याच्या कितीतरी वर गेले, आणि आम्ही खूश झालो. गावातली धडधाकट माणसं तिच्या खाली का जातात, हे आम्ही खोलीच्या माथी मारून मोकळे झालो.

"तुला वास कधीपासून येत नाही?" डॉक्टरांनी ताईला विचारलं.

ताईनं हातातल्या भडंगाकडे बघितलं. लसणाची एक पाकळी बोटाला चिकटली होती. "कोविड झाला होता तेव्हा गेला. म्हणजे... मला वाटलं, तेव्हाचाच."

"परत आला होता मध्ये?"

"आला होता." ती थांबली. "हो. परत आला होता."

डॉक्टरांनी तिचं मनगट हातात घेतलं, हात कोपरात हळूच दुमडून-उघडून बघितला. "वास जाणं हीही कंपवाताची फार आधीची खूण असते. पण मी घशाची डॉक्टर आहे, हे माझं क्षेत्र नाही. उद्याच मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं, मी सांगते तिकडे. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. पण तू फार लवकर आली आहेस, एवढं खरं. तुझ्या यंत्रानं तुला शोधलं, फक्त उलट्या बाजूनं."

माझ्या डोळ्यांसमोर अण्णांचा शेवटचा काळ येत होता, खाटेवरून उठताना त्यांना लागणारा वेळ येत होता. आणि त्याच्याच खालोखाल दुसरा एक हिशेब चालू होता, त्याची मला लाज वाटत होती. मी म्हणालो, "ताई, ऐक. आज 'घातले' होऊ दे. मोजपट्टी आपण आतल्या आत बदलू. सांगू नंतर. पैसे नसतील तर दुरुस्तीही होणार नाही."

"आशाताईंनी किती जणांना ठणठणीत आहात म्हणून सांगितलंय?" ताईनं विचारलं.

"हजाराच्या वर."

"त्यातले जे तेव्हाच्या माझ्याएवढे आजारी आहेत, त्यांना शून्य आलंय, अभी. माझ्यापेक्षा जरा कमी असतील त्यांनाही शून्य. ते घरी निवांत बसलेत." ती दार उघडून आत निघाली. मग वळून म्हणाली, "काकांचा मूळ आकडा किती होता?"

मला माहीत नव्हतं. पेढे खाताना कोण बघतो.

ताई टेबलाच्या टोकाला उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात बोलत होती, तरी पाटोळ्यांनी खालची भट्टी थोडा वेळ बंद करायला फोन केला. सांगून झाल्यावर तिनं लॅपटॉप ओढला, शून्याखालचे आकडे झाकणारी ओळ प्रणालीतून काढून टाकली आणि चकती टेबलाच्या मधोमध ठेवली. चकतीवरचा हिरवा दिवा लागला. ती "आऽऽ" म्हणाली. आकडा आला सात.

"निरोगी माणूस वजा सहाच्या आसपास असतो," ती म्हणाली. "मी सातवर आहे. म्हणजे तेरा घरं पुढं."

काका खुर्चीत पुढं सरकले. "आणि माझा किती गं, पदमा? मला शून्य होता न्हवं?"

ताईनं जुने आकडे उघडले. तिला ते वाचायला वेळ लागला. "वजा एक, काका."

"वजा म्हणजे चांगलाच की."

डॉक्टर उठून काकांजवळ गेल्या आणि त्यांना हळू आवाजात समजावून सांगायला लागल्या. काका ऐकत होते, मान हलवत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आरं, पेढे खाल्ले की रं सगळ्यांनी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोलीत डॉक्टरांशिवाय कुणीच बोलत नाहीये. एरवी ही मंडळी एकमेकांच्या वर आवाज चढवून बोलणारी. पाटोळ्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. विश्वजित त्या हिरव्या दिव्याकडे बघत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. मघाशी लोकांचे आवाज आयते पडलेत म्हणणारा माणूस आता खाकरायलासुद्धा तयार नव्हता. पोराला पाणी आणायला सांगायचं तर पाटोळ्यांनी हातानं खूण केली. पुढं सगळ्या गावांत, सगळ्या घरांत, सगळ्या फोनवर असंच होईल का, असा विचार माझ्या मनात आला आणि मी शहारलो.

ताईनं चकतीवर पालथी वाटी ठेवली. त्या वाटीनं यंत्राला काही फरक पडत नव्हता, पण लोकांना बरं वाटलं.

विश्वजित बोलला तो तेव्हा. "मी स्पष्ट बोलतो. वाईट वाटून घेऊ नका. पद्मजा, मला खरंच वाईट वाटतंय. पण कंपनी चालवणारा माणूस धडधाकट हवा. यंत्र तर चांगलंय. उलट आज ते सिद्धच झालं." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "अभिनंदन ठीक असेल तर मी आत्ताही घालतो. पूर्ण. फेरतपासणीचा खर्चही त्यातून करा. त्यानं आत्ता आऽऽ म्हणावं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टर म्हणाल्या, "हे असं करत नाहीत. हा त्याचा खाजगी प्रश्न आहे. एका घरात तिघं निघालेत, म्हणजे हे रक्तातून आलेलं असू शकतं. त्याला आधी नीट बोलायला बसवलं पाहिजे, विचार करायला वेळ दिला पाहिजे."

"वेळ घ्या की. मी पुढच्या भिशीपर्यंत थांबतो," विश्वजित म्हणाला.

घरात तिघं. अण्णा, काका, ताई. मी ते मनात परत परत म्हणत होतो. माझा आवाज मी कालपर्यंत कितीतरी वेळा त्या चकतीसमोर भरला होता आणि दरवेळी शून्य बघून खूश झालो होतो. त्या शून्याखाली काय होतं, ते मी एकदाही बघितलं नव्हतं. आता ते झाकण निघालं होतं. मला प्रचंड भीती वाटत होती. पाय खरोखर थरथरत होते, आणि पाय थरथरतायत याचीसुद्धा भीती वाटत होती.

"तू नको म्हणू," ताई माझ्याजवळ येऊन म्हणाली. "कुणासाठी म्हणायची गरज नाही. मी सांगतेय ना."

ती खरंच तसं म्हणत होती. पण मला माहीत होतं, मी नाही म्हटलं तर उद्यापासून मीही त्या हजार माणसांसारखा शून्यावर निवांत बसलेला असेन, आणि फरक एवढाच की मला ते माहीत असेल. शिवाय लॅपटॉप माझाच होता. काढलेल्या ओळीच्या जागी हवा तो आकडा दाखवणारी ओळ घालायला मला एक मिनिट लागलं असतं. वेळ मागून घेऊन पुढच्या भिशीला झकास वजा सात दाखवता आलं असतं. हा विचार इतक्या सहज आला की मी स्वतःलाच घाबरलो.

"वाटी काढ," मी म्हणालो.

ताईनं वाटी काढली. मी श्वास घेतला आणि "आऽऽ" म्हणालो.

ताईनं पडद्याकडे बघितलं. स्वतःचा आकडा तिनं लगेच वाचला होता. माझा वाचेना.

"परत म्हण," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."

"मोठ्यानंच म्हणालो," मी म्हणालो, आणि बोलून झाल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं.

मी परत म्हटलं. शेडमध्ये चार माग ओलांडून हाक मारावी तसं म्हटलं. दम संपेपर्यंत म्हटलं. ताईनं थोडा वेळ पडदा हातानं झाकला, मग हात काढला आणि लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. वजा दोन.

खाली भट्टी परत सुरू झाल्याचं ऐकू आलं. विश्वजितनं पेनचं टोपण लावलं, पिशवीत ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असा क्षणभर उभा राहिला आणि मग बाहेर निघून गेला. त्यानं 'नाही' म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाही.

डॉक्टर जागेवर येऊन बसल्या. त्यांनी चकती स्वतःकडे ओढली, तोंडाजवळ धरली आणि म्हणाल्या, "घातले. आधी फेरतपासणी. शून्य नव्यानं ठरवायचं, निदान पाचशे आवाजांचं. आणि माणसाला विचारल्याशिवाय हे यंत्र कुणाचाही आवाज ऐकणार नाही, हे आधी लिहून घ्यायचं. पद्मजा, माझा आकडा वाच."

"वजा तीन," ताई म्हणाली. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. "वय धरून चांगला आहे."

"बघू," डॉक्टर म्हणाल्या.

पाटोळ्यांनी रुमाल खाली घेतला. ते आमच्याकडे, डॉक्टरांकडे, दाराकडे बघत होते. मग खुर्ची थोडी मागं सरकवून, चकतीपासून होईल तेवढं लांब तोंड करून म्हणाले, "डॉक्टर घालताहेत तर... घातले." मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

गोल काकांपाशी आला. काकांनी घातलेले पैसे केव्हाच संपले होते. त्यांच्याकडे आता घालण्यासारखं काही नव्हतं, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून पाटोळ्यांनी कागद आवरायला घेतले.

काका उठले. आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, टेबलाला वळसा घालून त्यांनी ती माझ्या आणि ताईच्या मध्ये आणून ठेवली. त्यांचा उजवा हात थरथरत होता की खुर्ची जड होती, ते मला कळलं नाही. बसले, एक हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, एक ताईच्या, आणि सगळे माग चालू असल्यासारख्या आवाजात म्हणाले, "घातले."